तळ न दिसणारं पाणी

धरणाच्या पाण्यात मी पहिल्यांदा उतरले ती अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत. त्याआधी मला पोहता येत नव्हतं असं नाही. जानेफळला मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधून मी लहानपणीच हातपाय मारायला शिकले होते. पुढे आमच्या देऊळगाव राजाहून एसटीने जालन्याच्या पोहण्याच्या तलावावर जायला लागले. तिथल्या सरांनी माझे हात सरळ केले, श्वास बसवला आणि दोन वर्षांनी एक दिवस सांगून टाकलं की मी काही वेगाची पोरगी नाही. पन्नास मीटरमध्ये माझं काही होणार नव्हतं. "पण तुझ्यात दम आहे," ते म्हणाले. "तू तासभर पोहलीस तरी शेवटचा हात पहिल्यासारखाच पडतो. तुला मोकळं पाणी पाहिजे."

मोकळं पाणी म्हणजे भिंती नसलेलं पाणी. सरांच्या डोक्यात समुद्रातली पाच किलोमीटरची स्पर्धा होती. आमच्यापासून समुद्र एवढा लांब की तोवर मी तो पाहिलाही नव्हता. पण खडकपूर्णाचं धरण जवळ होतं. बाबांनी मासेमारी करणाऱ्या एका काकांशी बोलून त्यांची होडी सकाळच्या वेळेला ठरवली. काकांचा मुलगा कधीकाळी बाबांच्या शाळेत होता, तेवढ्या ओळखीवर ते तयार झाले.

पहिल्या दिवशी सर आले होते. काठावरच्या गाळात पाय घोट्यापर्यंत रुतले. मी दोन पावलं पुढे टाकली आणि आडवी झाले. दहा-बारा हात मारल्यावर सवयीने खाली पाहिलं. तलावात खाली फरशी असते, तिच्यावर काळा पट्टा असतो, आपण कुठवर आलो ते तो सांगत असतो. इथे माझाच हात कोपरापासून पुढे हिरवट होत गेला होता आणि बोटं दिसतच नव्हती. त्याच्या खाली तपकिरी. त्याच्या खाली काहीच नाही. मी डोकं वर काढलं आणि उभं राहायला पाय खाली सोडले. पाय कशालाच लागले नाहीत. वरचं पाणी कोमट होतं, पण पायांना एकदम थंडगार थर लागला, आणि मी ते असे वर ओढून घेतले जणू खालून कुणी त्यांना हात लावला असावा.

सर होडीतून म्हणाले की खाली पाहायचंच नाही. पुढे पाहायचं. समोरच्या टेकडीवरचं एक झाड धरायचं, काही हातांनी एकदा मान उचलून ते जागेवर आहे का बघायचं आणि पोहत राहायचं. दम लागला, घाबरायला झालं, तर पाय हलवायचे नाहीत, हात पसरायचे आणि पाठीवर पडून आभाळाकडे बघायचं. हे त्यांनी मला सांगितलं, पण माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बाबांनी ऐकलं. बाबांना पोहता येत नव्हतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि ऐकलेली सूचना पाठ करायची त्यांची सवय.

सर रोज जालन्याहून येऊ शकत नव्हते. त्यामुळे पुढचे दिवस होडीत बाबा आणि काका दोघंच असायचे. काका वल्हं मारायचे, बाबा माझ्याकडे तोंड करून बसायचे. आणि इथेच गंमत झाली, किंवा तेव्हा मला ती गंमत अजिबात वाटली नाही. धरण होण्याआधी, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत बाबा ज्या गावात शिकवायचे ते गाव या पाण्याखाली गेलं होतं. लोक वर नव्या गावठाणात राहायला गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर कुठेकुठे भिंतींचे अवशेष वर यायचे, पण हिवाळ्यात सगळं पाणीच. बाबांना मात्र ते गाव अजून जसंच्या तसं दिसत होतं. मी पाणी प्यायला होडीजवळ थांबले की ते खुशीत येऊन सांगायचे.

"इथं शाळा होती पाह्य. आता तू बरोबर हेडमास्तरच्या खोलीवरून आली."

त्यांना वाटायचं, पोरीला बरं वाटेल. मी होडीची कड धरून हो म्हणायचे. माझ्या पोटाखाली, किती खाली कोण जाणे, एक खोली होती. तिला दार होतं. पुढच्या दिवशी चावडी आली, मग कडुलिंबाचं झाड. काका म्हणाले झाडं तोडली होती, सगळी नाही. मग एकदा बाबा म्हणाले, आता गावची विहीर येईल, लई खोल होती, कितीही उन्हाळा असला तरी आटायची नाही.

विहिरीचं ऐकून माझे हात थांबले. ज्या पाण्याचा तळ मला दिसत नव्हता त्या तळातही एक भोक होतं आणि ते आणखी खाली जात होतं. मी तिच्यावर तरंगत होते. मी बाबांना म्हटलं, "बाबा, खाली काय हाय ते तुम्ही मले सांगू नका." माझा आवाज चिरका झाला असावा, कारण बाबा एकदम गप्प झाले आणि नंतर कधी त्यांनी गावाचा विषय काढला नाही. पण आता उशीर झाला होता. गावाचा नकाशा माझ्या डोक्यात बसला होता. बाबा गप्प असले की मला वाटायचं, आता बहुतेक आपण विहिरीवर आहोत म्हणून ते बोलत नाहीत.

तरी मी जात राहिले. कुणी जबरदस्ती करत नव्हतं. आई तर रोज सकाळी डबा भरताना म्हणायची, नसेल जायचं तर नको जाऊ. पण पाऊण-एक तास पोहून झाल्यावर एक वेळ यायची, हात आपोआप पडायला लागायचे, श्वास आणि पाणी एकाच लयीत यायचं, आणि तेवढा वेळ मी कशालाच घाबरत नसे. त्या थोड्या वेळासाठी बाकीचा सगळा वेळ मी घाबरत पोहायचे.

जानेवारीत एका सकाळी पाण्यावर धुकं होतं. फार दाट नव्हतं, होडी दिसत होती, टेकडी मात्र दिसत नव्हती. काकांनी होडी जरा पुढे ठेवली होती, म्हणजे मला तिच्याकडे बघून सरळ येता यावं. मासेमारांची जाळी संध्याकाळी लागतात आणि पहाटे निघतात. त्या दिवशी कुणाचं तरी एक जाळं निघायचं राहिलं होतं.

उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. मला वाटलं शेवाळ. मी पाय झटकला. झटकल्यावर ते घोट्याला लागलं. पुन्हा झटकला तर ते आवळलं. नायलॉनचा दोरा पाण्यात दिसत नाही, फक्त कळतो. मी पुढे जायला हात मारला आणि मला मागून ओढलं गेलं. त्या क्षणी मला जाळं सुचलं नाही. मला वाटलं, धरलं. कुणी धरलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण हेडमास्तरांची खोली आणि विहीर आणि लिंबाचं झाड हे सगळं एकदमच माझ्या डोक्यात होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. खाली गेले. डोळे उघडे होते, सगळं हिरवं होतं, वर उजेडाचा एक थर आणि त्यात होडीचं काळं बूड. मी जेवढी धडपडत होते तेवढं जाळं दुसऱ्या पायाभोवतीही येत होतं. कशीतरी वर आले, अर्धा श्वास मिळाला, परत खाली. दुसऱ्यांदा वर आले तेव्हा बाबांचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकावर गोंधळ झाला की ते ज्या आवाजात बोलतात, तोच.

"पाय हलवू नको. हात पसर. वर पाह्य."

मी त्यांच्या वर्गात चौथीला होते. तो आवाज ऐकला की हातातली पट्टीसुद्धा खाली ठेवायची, हे अंगात भिनलेलं. मी पाय हलवायचे थांबवले. हात पसरले. वर पाहिलं. धुक्यामागे पांढरं आभाळ होतं. पाणी कानापर्यंत होतं, जाळं खाली ओढत होतं, पण मी बुडत नव्हते. मग काकांनी होडी जवळ आणली आणि बाबांच्या हातांनी माझं मनगट धरलं. काका त्यांना सांगत होते की दुसऱ्या बाजूला बसा, नाहीतर होडी उलटते. बाबा हलत नव्हते. शेवटी काकाच दुसऱ्या बाजूला सरकले, वजन टाकून होडी कशीबशी सावरली, मग त्यांनी होडीच्या टोकाशी पालथं पडून पाण्यात हात घातला आणि सुरीने जाळं कापलं. मला होडीत घेता येईना, इतकी ती डुगडुगत होती. बाबांनी मनगट धरून ठेवलं आणि काकांनी तसंच वल्हवत काठावर आणलं. मनगटावर अंगठ्यांचे दोन निळे डाग पुढे कितीतरी दिवस होते.

काठावर मला उभं राहता आलं नाही. बाबांनी स्वतःचा स्वेटर काढून माझ्या अंगावर घातला आणि ते गाळातच खाली बसले, पँटची पर्वा न करता. मग मोटारसायकलवरून मला घरी आणलं.

आईने घोट्यावरचा कापलेला वळ पाहिला, हळद लावली. काय झालं ते तिने बाबांना स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "बस झालं आता," ती म्हणाली. "पाण्यापायी पोरगी नाही घालवायची मले." मी हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं. त्याच आठवड्यात आम्ही शेगावला जाऊन आलो. दर्शनाच्या रांगेत पुढे-मागे माणसं चिकटून उभी होती, आणि मला तिथे फार बरं वाटलं. पायाखाली फरशी होती.

पण भीती धरणावर राहिली नाही, ती माझ्याबरोबर घरी आली. डोक्यावरून अंघोळ करताना तांब्याभर पाणी तोंडावरून ओघळलं की माझा श्वास बंद व्हायचा. मी केस धुवायला आईला बोलवायला लागले. झोपताना पांघरूण पायात अडकलं तर मी उठून बसायचे. सरांनी फोन करून एवढंच सांगितलं की पोहू नकोस, नुसती तलावावर येऊन काठावर बस. मी गेले, पाय पाण्यात सोडून बसले. तळाचा काळा पट्टा पाण्याबरोबर हलत होता. तोही मला दोरीसारखा दिसायला लागला, म्हणून मी पाय वर घेतले.

मग एका रविवारी बाबा म्हणाले की मीही येतो जालन्याला. मला वाटलं सोडायला येतात. एसटीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून पोहण्याची चड्डी आणि रबरी टोपी काढून दाखवली. दोन्ही नव्या.

"मले शिकव," ते म्हणाले.

त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या दिवशी उडी मारू का, असं दोनदा मनात आलं. मारून काय केलं असतं? तुले मलेच काढा लागलं असतं."

लहान मुलं शिकतात त्या उथळ बाजूला आम्ही उतरलो. पाणी बाबांच्या कमरेएवढं. त्यांनी कठड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेजारी सात-आठ वर्षांची पोरं टुणटुण उड्या मारत होती. सरांनी लांबून पाहिलं आणि ते मुद्दाम दुसरीकडे गेले. मी बाबांना सांगितलं की तोंड पाण्यात घालायचं, नाकातून बुडबुडे काढायचे. त्यांनी चष्मा काढून कठड्यावर ठेवला. वाकले. नाक पाण्याला लागायच्या आधीच सरळ झाले. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ.

"तू आधी करून दाखव," ते म्हणाले.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिकवायचं म्हणजे करून दाखवावं लागणार होतं. बाबा माझ्याकडे पाहत उभे होते, चष्म्याविना डोळे बारीक करून, टोपीने कपाळ आवळलेलं. ते डाव टाकत नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे. त्यांना खरोखर पाहायचं होतं. मी दांडा धरला, डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. एक बुडबुडा काढला आणि वर आले. "असं," मी म्हटलं. त्यांनी केलं. खोकले. आम्ही तो सगळा तास तेवढंच करत होतो.

पुढच्या रविवारी मी त्यांना पाठीवर तरंगायला शिकवायला लागले. माझे दोन्ही तळहात त्यांच्या पाठीखाली. मान लाकडासारखी ताठ. त्यांचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं, इतक्या जोरात ते धडकत होतं.

"सोडू नको माय."

"सोडत नाही."

मी सोडलं नाही. पाणी कमरेएवढं होतं, त्यांनी पाय खाली टाकला असता तर ते उभे राहिले असते. त्यांना ते कळत होतं, तरी त्यांचं अंग ऐकत नव्हतं. बारक्या पोरांसमोर त्यांचे ओठ थरथरत होते आणि ते लपवत नव्हते. मी त्या दिवसांत स्वतःवर फार चिडलेली असायचे, समुद्रात पाच किलोमीटर पोहायला निघालेली मुलगी आणि तांब्याभर पाण्याला घाबरते म्हणून. बाबांची पाठ हातावर घेतल्यावर तो राग गेला. एवढ्या भीतीत असलेल्या माणसावर कुणी रागावत नाही. मी त्यांना सांगत होते, श्वास सोडा, धरून ठेवू नका, सोडा, आणि सांगता सांगता माझाही सुटत होता.

बाबा तरंगायला शिकले. पोहायला तसे कधीच शिकले नाहीत, तलावाची रुंदी धापा टाकत पार करतात एवढंच. मी उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा धरणावर गेले. आईने अटी घातल्या. आदल्या संध्याकाळी काकांनी जाळी कुठे आहेत ते पाहून यायचं, माझ्या कमरेला नारिंगी फुगा बांधायचा, बाबांनी लाइफ जॅकेट घालायचं. सगळं केलं. भीती तरी होतीच. पहिल्या दिवशी मी काठाला समांतर, पाय टेकतील एवढ्या पाण्यात पोहले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी थोडं आत. बाबा होडीच्या कडेवरून एक हात पाण्यात सोडून बसायचे. श्वासाला तोंड वळवलं की मला तो हात दिसायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, बारावीत असताना, कोकणात ती समुद्राची स्पर्धा झाली. सर, बाबा आणि मी गेलो. समुद्र पाहिला आणि मी पलीकडचा काठ शोधायला लागले. धरणाला निदान पलीकडची टेकडी होती.

सकाळी दंडावर मार्करने नंबर लिहिला, काखेत आणि मानेवर व्हॅसलिन लावलं, आम्हा सगळ्या मुलींना लाल टोप्या दिल्या. एका स्वयंसेविकेने वाकून माझ्या घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा बांधला, तोच उजवा घोटा, आणि मी पाय असा मागे घेतला की ती दचकली. घट्ट झाला का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. नियम सांगितले गेले. घाबरलात तर जीवरक्षकाची छोटी होडी धरून थांबता येईल, पण तिच्या जोरावर पुढे जाता येणार नाही. हात वर केलात तर बाहेर काढतील आणि स्पर्धा तिथेच संपेल.

शिट्टी झाली, सगळ्या धावत पाण्यात गेलो. कुणाचं कोपर माझ्या गालावर लागलं, कुणाची टाच पोहण्याच्या चष्म्यावर. पाणी इतकं खारट असेल हे मला माहीत असून माहीत नव्हतं. लाट उचलायची तेव्हा वाट दाखवणारा पुढचा पिवळा फुगा दिसायचा, उतरायची तेव्हा फक्त पाण्याची भिंत. मी पोहत राहिले. लय लागेना. पांढऱ्या पिशवीसारखं काहीतरी माझ्या खालून संथ गेलं, ते जेलीफिश होतं हे नंतर कळलं. वळणाच्या फुग्याला वळसा घालताना मी खाली पाहिलं. फुग्याला बांधलेला जाड दोर तिरपा खाली जात होता, हिरव्यात, मग काळ्यात. आणि वळताना तो माझ्या पायाला घासला.

श्वास गेला. मी हात मारत होते पण पुढे जात नव्हते. जीवरक्षकाची होडी जवळच होती. मी तिचं टोक धरलं. माझे दात वाजत होते, पाणी गार नव्हतं तरी. होडीतला तरुण शांतपणे म्हणाला, "हात वर केलात की घेतो, ताई. घाई नाही." मी हात वर करणार होते. खरंच करणार होते. त्याने विचारलं कुठून आलात. मी म्हटलं बुलडाणा जिल्हा. "तिकडे पोहता कुठे?" मी सांगितलं, धरण आहे. बोलायला श्वास सोडावा लागतो. तो सुटला. मी होडी धरूनच पाठीवर झाले, कान पाण्यात गेले, आभाळाकडे पाहिलं. मग होडी सोडली. सगळ्या स्पर्धेत मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच, बोटं उघडणं.

उरलेलं अंतर मी घाबरतच पोहले. मला कुठली शक्ती आली नाही, भीती गेली नाही. प्रत्येक श्वासाला ती होती आणि हात पडत होते. सरांनी म्हटलेला दम तेवढा कामी आला.

शेवटी वाळू हाताला लागली. उभी राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. माझ्या आधी कितीतरी जणी पोचल्या होत्या. किनाऱ्याच्या बाजूला बाबा कपड्यांसकट मांडीभर पाण्यात उभे होते. स्वयंसेवक त्यांना बाहेर या म्हणत होते. एका लाटेने त्यांचा चष्मा नेला होता आणि ते बाहेर येणाऱ्या लाल टोपीच्या प्रत्येक मुलीच्या तोंडाजवळ वाकून पाहत होते, ही का, ही का. माझ्याकडेही तसंच वाकून पाहिलं.

"बाबा, मी हाय."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि आम्ही वाळूवर आलो. कुणी चहा दिला. मला कप धरता येईना म्हणून त्यांनी धरला, तरी अर्धा चहा सांडला. सरांनी फोन लावून दिला. आईने आधी विचारलं की बाबा पाण्यात गेले होते का. मी हो म्हटलं. मग विचारलं, "भेली का तू?"

"हाव. लई."

फोनमध्ये तिच्या मागे आमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडत होता, तो मला ऐकू आला.

"बरं," ती म्हणाली. "मग आता जेवते मी."